किल्ली झोपते, गाडी जागी!

किल्ली झोपलेली असते आणि गाडी जागी असते! हे तुम्हाला माहीत होतं? मला आत्ता कळलंय आणि मला एका जागी बसवत नाहीये. हातातलं काम राहू द्या, इकडे या!

आधीच सांगते, मला यातलं काही कळत नाही. मी शाळेत भूगोल शिकवते, आणि फ्यूज उडाला की शेजाऱ्यांना हाक मारते. पण आमची एक जुनी गाडी आहे, तिला नंतर बाहेरून रिमोटचं सेंटर लॉक बसवलंय, आणि ती सुट्टीभर उभी राहिली की सेल्फ मारल्यावर नुसती टक् टक् करते, आणि सगळे म्हणतात बॅटरी बदला, आणि मग परवा वायरमनदादा अगदी सहज बोलून गेले, "ताई, तो रिमोटचा रिसीव्हर रात्रंदिवस ऐकत असतो ना!"

ऐकत असतो! आपण कुलूप लावून गावाला गेलो तरी! कुणाला? आपल्याला! आपण बटण कधी दाबू, म्हणून!

आता गंमत बघा. रिमोटमध्ये नाण्याएवढा सेल असतो, 2032 नंबरचा, 3 व्होल्टचा, साधारण 220 मिलीअँपिअर-तासांचा. एवढासा, पण वर्षानुवर्षं पुरतो! कारण बटण दाबेपर्यंत रिमोट काही करतच नाही! सगळी जागरणं गाडीतल्या त्या कानाची. समजा तो सतत 10 मिलीअँपिअर खातो. मग त्याला त्या नाण्याएवढ्या सेलवर जगायला सांगितलं तर? 22 तास! पुरता एक दिवसही नाही! मी कॅल्क्युलेटर बदलून पाहिला. तरी 22च!

आणि मग मी गाडीच्या बॅटरीचं गणित मांडलं, कारण आता मला कोण अडवणार! लहान गाडीची बॅटरी धरा 35 अँपिअर-तासांची. एकटा रिसीव्हर तिला रिकामी करायला जवळजवळ 146 दिवस घेईल. मग त्या बिचाऱ्याला कशाला बोल लावायचा? पण तो एकटा नसतो! घड्याळ असतं, स्टिरिओची मेमरी असते, अलार्म असतो, आणि सगळे मिळून 50 मिलीअँपिअरवर गेले की 700 तास, म्हणजे 29 दिवस! आणि बॅटरी पूर्ण रिकामी व्हायची वाट कोण बघतंय? सेल्फ त्याच्या कितीतरी आधी हात वर करतो, बॅटरी जुनी असेल तर आणखी आधी, आणि आपल्या उन्हाळ्यात तर ती कुणी न खाताही आपोआप उतरत असते.

नवे रिसीव्हर मात्र चलाख! दुपारी डुलकी काढणाऱ्या आजीचा एक कान कुकरच्या शिट्टीकडे असतो ना, अगदी तसे! काही मिलीसेकंद ऐकायचं, झोपायचं, पुन्हा ऐकायचं, पुन्हा झोपायचं. आणि तो नेमका झोपेत असताना बटण दाबलं तर? म्हणून रिमोट आधी थोडा वेळ नुसती हाक मारत राहतो आणि मग खरा कोड सांगतो! एवढासा रिमोट, आणि एवढं भान!

हे मोजताही येतं! बॅटरीचा निगेटिव्ह काढायचा आणि मीटर मध्ये जोडायचा, 10 अँपिअरच्या भोकात वायर घालून, आणि तो जोडलेला असताना चुकूनही सेल्फ मारायचा नाही, हे दादांनी मला बजावून सांगितलं. पण मला आवडलेली युक्ती वेगळीच! दार उघडंच ठेवायचं, त्याचं लॅच मात्र स्क्रूड्रायव्हरने दाबून मिटवायचं, म्हणजे गाडीला वाटतं दार लागलं! गाडीला फसवायचं! आणि मग अर्धा तास गप्प बसायचं, कारण गाडीतल्या यंत्रणा एकेक करून झोपी जातात आणि मीटरवरचा आकडा पायरी पायरीने खाली येतो. मी तो आकडा क्रिकेटच्या स्कोअरसारखा ओरडून सांगत होते. दादा काही बोलले नाहीत.

पण खरी गोष्ट पुढेच आहे! इंग्लंडमध्ये 1994 साली एक रेंज रोव्हर आली, पी 38 नावाची. भारी गाडी, साहेबी थाट! ती बनवणारी लँड रोव्हर कंपनी 2008 पासून आपल्या टाटांकडे आहे, पण ही गाडी त्याच्या बरीच आधीची. तर या गाडीचा रिमोट चालतो 433.92 मेगाहर्ट्झवर. आणि त्याच पट्ट्यात कोण कोण असतं? घरगुती हवामानयंत्रं! बिनतारी बेल! हौशी रेडिओवाले! आणि या गाडीच्या सुरुवातीच्या रिसीव्हरला आपलं-परकं कळेना! कुणाच्या अंगणातल्या थर्मामीटरने तापमान कळवलं की हा दचकून उठायचा, आणि उठून पुढच्या सीटखालच्या मुख्य कंट्रोल युनिटला उठवायचा, आणि ते बघायचं तर आपला मालक नाहीच, म्हणून पुन्हा झोपायला जायचं, आणि मग डोळा लागतोय तोच पुन्हा थर्मामीटर! रात्रंदिवस! आणि शेवटी बॅटरी गार!

म्हणजे बॅटरी चांगली, अल्टरनेटर चांगला, वायरिंग चांगलं, आणि दोष शेजाऱ्याच्या थर्मामीटरचा! तीच गाडी दुसऱ्या गल्लीत लावली तर सकाळी झक्कास सुरू! मी भूगोलाची बाई, जागा बदलली की सगळं बदलतं हे मी दरवर्षी फळ्यावर लिहिते, पण गाडीच्या बॅटरीलाही ते लागू आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं! पुढे कंपनीने सुधारलेला रिसीव्हर काढला, परक्या हाकांना दाद न देणारा. काही मालकांनी तेवढीही वाट पाहिली नाही. डिकीत हात घातला, रिसीव्हरची पिन काढून टाकली, आणि किल्लीने दार उघडू लागले. मला हे लोक फार आवडले.

आणि आता ऐका! आपल्याकडचे बाहेरून बसवलेले रिमोटही बहुतेक याच 433वर चालतात! आमची गाडी जिन्याला खेटून उभी असते आणि जिन्यात प्रत्येक दाराला बेल आहे! त्यातल्या बिनतारी किती? मला आत्ताच्या आत्ता बघायचंय. दादा म्हणतात आपल्या गाडीत तसलं काही नसेल, आधी मीटर पुन्हा लावून नीट बघू, आणि दादांचंच बरोबर असणार, पण बघायला काय हरकत आहे? तुम्ही तळमजल्यापासून सुरू करा, मी वरून खाली येते. कुणी विचारलं तर सांगा, बाईंनी पाठवलंय!