शिळं पाणी

लातूर,
जुलै 2023

ती. ताईस, सा. न. वि. वि.

आबांच्या वर्षश्राद्धाच्या पत्रिकेसाठी तू पाठवलेला मजकूर वाचला. 'एकमेकांना कधीही उणा शब्द न बोललेलं आदर्श दांपत्य.' तुझ्या भावजयीला वाचून दाखवला, तर ती भाकर थापता थापता हसायलाच लागली. ताई, आपण नेमकं कोणाबद्दल बोलतोय? उणा शब्द नाही म्हणे! या घरात पासष्ट वर्षं दुसरं काय चाललं होतं?

फोनवर बोललो असतो, पण फोनवर तू रडतेस आणि मग मी कशालाही हो म्हणतो. म्हणून पत्र.

मायचं लग्न 1956 च्या मे महिन्यातलं. तेव्हा आपण हैदराबाद राज्यात होतो. नोव्हेंबरात मराठवाडा मुंबई राज्यात गेला, 1960 ला महाराष्ट्र झाला, 1982 ला लातूर उस्मानाबादेतून फुटून वेगळा जिल्हा झाला. आबा म्हणायचे, हिनं उंबरा न ओलांडता तीन राज्यं आणि दोन जिल्हे बघितले. यावर मायचं उत्तर ठरलेलं: "सगळं बदललं की वो, पाणी तेवढं आलं नाही."

ती नांदेडची, गोदावरीच्या काठची. सकाळी नगीना घाटावर जायचं, घागर बुडवायची आणि भरून आणायची, एवढंच तिला माहीत. पाणी पुरवायचं असतं, हे तिला लातूरला कळलं. इथे आडावर नंबर लागायचे. लग्नानंतरच्या दुसऱ्याच सकाळी तिनं हंड्यातलं रात्रीचं पाणी अंगणात ओतून दिलं. तिच्या माहेरी तसंच करायचे, रातचं पाणी शिळं. सासू बघतच राहिली. आबांनी नव्या नवरीला सगळ्यांसमोर ऐकवलेलं पहिलं वाक्य हे: "पाणी म्हणजे काय भाकर हाय का, शिळं व्हायला?"

माय तीन दिवस गप्प होती. चौथ्या दिवशी म्हणाली, "शिळं पाणी पिऊन पिऊनच तुमच्या गावाचं बोलणं आंबलंय."

झालं. भांडण उभं राहिलं ते असं.

आबा गंजात मुनीम. त्यांचा सगळा जीव मोजण्यात. दिवसभर आडतीवर तुरीच्या पट्ट्या करायच्या आणि घरी येऊन घागरी मोजायच्या. किती भरल्या, किती उरल्या, ते न्हाणीच्या भिंतीवर खडूनं लिहायचे, तेही उर्दू आकड्यांत. निजामाच्या राज्यात त्यांची शाळा उर्दूतली, आणि मायला ते आकडे वाचता येत नाहीत याचा त्यांना भारी आनंद. मायनं दोन महिन्यांत ते ओळखायला शिकून घेतले आणि आबांना पत्ता लागू दिला नाही. मधूनच एखादा आकडा पुसून टाकायची. आबा रात्री कंदील धरून हिशेब जुळवत बसायचे.

बहात्तरच्या दुष्काळात दोघांनी तह केला. तुला आठवत असेल, त्या वर्षी आपण मिलोच्या लाल भाकरी खाल्ल्या आणि शाळेत सुकडी. तह असा, की शिळं पाणी फेकायचं नाही. ते भांड्यांना, न्हाणीला आणि उरलं तर तुळशीला. पण प्यायचं मात्र ताजंच, ही मायची अट. आबांनी अट मान्य केली आणि दुसऱ्याच दिवशी भांड्यांच्या बादलीतलं पाणी तांब्यात घेऊन दारात उभे राहिले. मान मागे टाकून, घटाघट आवाज करत, शेवटच्या थेंबापर्यंत प्याले. मग मायकडं बघून म्हणाले, "गोड हाय." मिशीवरनं पाणी ओघळत होतं. माय पदर तोंडाला लावून आत गेली. ती हसत होती हे मला दिसलं, त्यांना दिसलं नाही.

पुढे धनेगावच्या मांजरा धरणातून नळ आले, पण नळाला पाणी आठ-आठ दिवसांनी. ते आलं की घरात लगीनघाई. माय हंडा चिंचेनं आणि मिठानं घासायची, तोंडाला दुपदरी पांढरं फडकं बांधायची, आणि धार पडायला लागली की हंड्याला कान देऊन बसायची. किती भरलं हे तिला आवाजावरनं कळायचं. शेजारी खडू घेऊन आबा. त्या वेळी दोघं भांडायचे नाहीत. पाणी गेलं की पुन्हा सुरू.

भूकंपाची पहाट तर तूही इथेच होतीस, गणपतीला आलेली. 30 सप्टेंबर 1993. विसर्जन करून जेमतेम डोळा लागला होता, आणि चारला चार मिनिटं कमी असताना जमीन हलली. आपण सगळे गल्लीत पळालो आणि माय पुन्हा घरात शिरली. आबांचा तसला आवाज मी आधी ऐकला नव्हता, नंतरही नाही. ती बाहेर आली तर कडेवर हंडा.

"पाण्यासाठी मरायचं का गं?"

"जगलो तर प्यायचं काय वो?"

उजाडेपर्यंत अख्ख्या गल्लीनं त्या हंड्यातलं पाणी प्यालं. किल्लारीकडची बातमी कळली तेव्हा तो रिकामा झाला होता. आबांनी त्या दिवशी भिंतीवर काही लिहिलं नाही.

आणि 2016. नळ बंद. पाणी भरायच्या जागी गर्दी होऊ नये म्हणून 144 कलम लावलेलं. एप्रिलात मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. आबा ब्याऐंशीचे, तरी मला मोटारसायकलवर बसवून न्यायला लावलं. रुळांकडं बघत म्हणाले, "मिरज ते लातूर. ही तर आपली बार्शी लाईट." छोट्या रुळांची ती गाडी 1911 ला लातुरात आली आणि 1927 ला मिरजेपर्यंत पोचली. त्याच वाटेवर आता मोठे रूळ. परतताना ते गोलाईपाशी थांबले, सोळा रस्त्यांकडं बघितलं आणि म्हणाले, "या गंजातला माल रेल्वेनं शंभर वर्षं नेला. आज पहिल्यांदा काही आणून टाकलं."

तू तेव्हा मायला नांदेडला चल म्हणालीस. ती आली नाही. कारण तुला सांगितलं नव्हतं ते आज सांगतो. त्या उन्हाळ्यात ती स्वतः शिळं पाणी प्यायला लागली होती. पाच दिवसांचं, आठ दिवसांचं, चकार शब्द न काढता. एका सकाळी आबांनी हंड्यातला एक तांब्या भरला, न पिता तुळशीला घातला आणि म्हणाले, "शिळं झालंय." मायचा असा पारा चढला! "डोकं फिरलं का तुमचं? गावाला रेल्वेनं पाणी येतंय अन् तुम्ही ओतून देता?" आबा म्हणाले, "साठ वर्षं तूच म्हणालीस."

पाऊस येईपर्यंत हे असं उलटं चाललं. ती आबांची बाजू मांडायची, ते तिची. सप्टेंबर-ऑक्टोबरात मांजरा भरलं आणि दोघं आपापल्या जागेवर परत गेले. मला वाटतं, एकानं जागा सोडली तर दुसऱ्यानं ती धरायची, एवढंच त्यांचं ठरलेलं असावं. भांडण पडू द्यायचं नाही.

गेल्या वर्षी जानेवारीत माय गेली. नंतरचे सात महिने आबा माझ्या बायकोला रोज सांगायचे, "पाणी शिळं होत नसतंय." ती म्हणायची, "हो आबा." काही दिवस त्यांनी ऐकून घेतलं. मग एकदा तांब्या आपटला आणि म्हणाले, "तू हो म्हणू नको." तिला कळेना काय म्हणायचं. मलाही कळलं नाही. ऑगस्टात ते गेले.

तेव्हा पत्रिकेत नावं, तिथी आणि जेवणाची वेळ एवढंच छापू. 'आदर्श' नको. तू येताना गोदावरीचं पाणी आणणार म्हणालीस, जरूर आण. लोहा, अहमदपूर करत एसटी इथे पोचेपर्यंत ते शिळं होईल, असं माय म्हणेल. होत नसतंय, असं आबा म्हणतील. तुला वाटेल ती बाजू घे, मी दुसरी घेतो.

तुझा,
भाऊ