जोडी थांबताना बघावी

संक्रांत झाली की आमच्या विभागात चौकशी सुरू होते. "मॅडम, यंदा कोणाची जोडी?" विचारणाऱ्यांपैकी निम्मे पटाला जाणारेही नसतात. ऊर्जानगरच्या वसाहतीत राहणारी, वीज केंद्रात इन्स्ट्रुमेंटेशनला असलेली बाई बैलांबद्दल ठासून बोलते, याचीच त्यांना गंमत वाटते. पण माझं माहेर सिंदेवाही-ब्रह्मपुरीकडच्या धानपट्ट्यातलं. तिकडे लेक दिवाळीला नाही आली तर चालून जातं. पटाला नाही आली तर आई चार बायांत बोलून दाखवते.

बाहेरच्यांसाठी थोडं सांगते. धान कापून झालं, बांध्या मोकळ्या झाल्या की आमच्याकडे गावोगावी शंकरपट भरतात. शेतात शेजारीशेजारी दोन सरळ दानं आखायची, प्रत्येक दानावर एक जोडी, मागे हलकी छकडी आणि छकडीवर एकटा धुरकरी. दोघी एकदम सुटतात. जिंकली ती पुढच्या फेरीत, हरली ती घरी. पुण्याकडच्या घाटात गाडे एकेक करून घड्याळावर पळतात, तसं आमच्याकडे नाही, समोरासमोरचा हिशेब. रात्री त्याच गावात नाटक. वडशाच्या कंपन्या येतात, आणि 2023 साली परशुराम खुणेंना पद्मश्री मिळाल्यापासून झाडीपट्टीचं नाटक म्हणजे काय हे निदान मुंबईच्या पाहुण्यांना समजावून सांगावं लागत नाही. दिवसा पट, रात्री नाटक आणि मधल्या वेळात सोयरिकी. माझी स्वतःची बोलणी अशाच एका पटात झाली, पण तो विषय वेगळा.

विषय अंदाजाचा आहे. सगळे पटशौकीन सुटण्याच्या टोकाला गर्दी करतात. जोडी कशी उभी आहे, कोणता बैल पाय आपटतोय, धुरकरी कोण आहे, यावर तिथे जोरात वाद चालतात. पैजाही लागतात, कायद्याने लागू नयेत तरी. आमच्या गावी बायांची बसायची जागा मात्र दुसऱ्या टोकाला, जिथे जोड्या येऊन थांबतात त्या बाजूच्या बांधावर. सुटणं आम्हाला धड दिसायचंच नाही. धूळ उठली की समजायचं सुटल्या. पण पळून आलेला बैल आमच्या पुढ्यात उभा असायचा, आणि पटाचा अंदाज मी तिथे शिकले. बाबा म्हणायचे, "पयला कोन आला हे लहान पोट्टंबी सांगते. दमला कोन, ते पाय."

पट एका धावेत संपत नाही. पहिल्या फेरीत पाच हात पुढे असलेली जोडी दुपारच्या फेरीत मागे पडते, आणि का पडली याचं उत्तर सकाळीच त्या टोकाला दिसलेलं असतं. मी पहिल्यांदा कूस बघते. निवांत बैलाचा श्वास मिनिटाला विसाच्या-तिसाच्या घरात असतो. पळून आल्यावर कुशी भात्यासारख्या हलतात, त्यात नवल नाही. त्या किती वेळात शांत होतात ते बघायचं, आणि दोघांच्या सारख्याच शांत होतात का, तेही. जोडीतला एक बैल दोन कवळ कडबा खायला लागलाय आणि दुसऱ्याची जीभ अजून बाहेर आहे, तर ती जोडी दिसते तेवढी जोडी नाही. पुढच्या फेरीत जू तिरपं होणार, छकडी एका अंगाला ओढणार. दानाबाहेर गेली की खेळ खलास.

दुसरं, थांबणं. चांगली जोडी धुरकऱ्याच्या आवाजावर, कासरा फार न ताणता थांबते आणि दोन्ही बैल एकाच वेळी थांबतात. ज्यांना चार माणसांनी वेसणीला लोंबकळून थांबवावं लागतं त्यांच्यात लोकांना फार रग दिसते. मला भीती दिसते. भ्यालेला बैल एकदा जबरदस्त पळतो. तिसऱ्या फेरीत तो सुटायच्या आधीच घामाने भिजलेला असतो.

शेणही बघायचं. हे सांगितलं की आमच्या विभागातली पोरं हसतात. पटाच्या बैलाला लोक हौसेने दूध, अंडी, उडीद, ढेप असं काय काय चारतात. पट आठ दिवसांवर आला की हौस वाढते, आणि त्या हौसेने कित्येक बैलांचं पोट बिघडतं. पातळ शेणाचा बैल कितीही गुबगुबीत दिसो, मी त्याला धरत नाही.

या सगळ्यात उस्ताद होती आमची मोठीमाय. तिने सुटण्याचं टोक आयुष्यात कधी पाहिलं नसेल. एका पटात पांढरी, उंच, नजर ठरणार नाही अशी जोडी पहिली फेरी सहज मारून आमच्यासमोर येऊन थांबली. बांधावरच्या सगळ्या बाया वा वा करत होत्या. मोठीमाय उजव्या बैलाकडे बघत म्हणाली, "त्याले खुरी झाली होती बाई पावसाळ्यात. केस पाय त्याचे." खरंच, माघात त्याच्या अंगावर लांब, राठ केस होते आणि सावलीत घेतल्यावरही त्याची धाप कमी होत नव्हती. दुपारच्या फेरीत ती जोडी अर्ध्या दानातच ढिली पडली. पुढे एकदा वसाहतीत राहणाऱ्या ओळखीच्या पशुवैद्यांना मी हे विचारलं. ते म्हणाले, लाळ्या-खुरकूत होऊन गेलेल्या काही जनावरांना नंतर ऊन सोसत नाही, थोड्या उन्हातही धापा टाकतात, केसही वाढतात. मोठीमायला शरीरशास्त्र माहीत नव्हतं. गोठ्यातल्या सगळ्या बैलांना चारा-पाणी करणारी तीच होती.

मग 2014 आलं. 7 मे रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लीकट्टूबरोबर बैलगाड्यांच्या शर्यतीही बंद केल्या. 2017 मध्ये महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती केली, पण उच्च न्यायालयात ती अडकली. शर्यतींना पुन्हा परवानगी मिळाली 16 डिसेंबर 2021 ला, आणि पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तीन राज्यांचे कायदे वैध ठरवले ते 18 मे 2023 ला. तारखा सगळ्यांना पाठ आहेत. त्यामुळे अंदाजाचं काय झालं, ते मात्र फारसं कोणी बोलत नाही. बैल पटात उतरतो तो साधारण चारदाती-सहादाती झाल्यावर, आणि त्याची खरी पळायची वर्षं मोजकीच. साडेसात वर्षांत एक अख्खी पिढी गोठ्यातच म्हातारी झाली. कोणत्या गावची कोणती जोडी, तिचा कोणता बैल डावीकडे चालत नाही, कोणाचा बाप कोण, ही सगळी माहिती माणसांच्या डोक्यात होती आणि बैलांबरोबर निकामी झाली. मुंबईला महालक्ष्मीवर घोड्याच्या मागच्या शर्यतींचे क्रमांक, वजन, जॉकी असं सगळं छापील पुस्तक हातात मिळतं. आमच्याकडे पुस्तक म्हणजे पारावरचे म्हातारे.

2022 मध्ये पट परत सुरू झाले तेव्हा सुटण्याच्या टोकावरचे जाणकार अक्षरशः मुके झाले होते. पुढ्यातली जोडी यापूर्वी कोणाशी पळली, तर कोणाशीच नाही. सगळे नवखे. वर आणखी एक भर: आता काठी नाही, टोकदार खिळ्याची तुतारी नाही, टोचणं नाही, करंट नाही. नियम मोडला तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड. ज्या धुरकऱ्यांचं नाव घेतलं की समोरचे घाबरायचे, त्यांच्यातल्या काहींची सगळी कमाई हातातल्या काठीत होती हे तेव्हा उघडं पडलं. आणि ज्यांना पूर्वी कोणी विचारत नव्हतं, घरची जोडी घरच्याच माणसाने हाकली म्हणून मागे पडायचे, ते आवाजावर जोडी काढायला लागले. गावगाड्याच्या, म्हणजे गावातल्याच जोड्यांच्या गटात तर हे स्पष्ट दिसलं. बैल रोज ज्याच्या हाकेवर नांगराला चालतो, त्याच्या हाकेवर तो पळतोही. मला विचाराल तर काठी गेली हे पटाचं भलंच झालं. आमच्या घरातच या मतावरून दोन तट आहेत.

त्याच सालच्या पावसाळ्यात लम्पी आला. बाजार बंद, जनावरांची ने-आण बंद, पुन्हा शर्यती थांबल्या. लम्पीतून उठलेला बैल पुढच्या हंगामात धरावा की नाही, यावर तर अजून आमचं एकमत नाही. कातडीवरच्या गाठींचे वण दिसतात. आतली ताकद किती परत आली, ते त्या दुसऱ्या टोकालाच कळतं.

आता मोबाइल आलाय. पोरं प्रत्येक फेरी काढून टाकतात, त्यामुळे पुस्तक परत तयार होतंय, तेही चलचित्रांचं. पण हे चित्रण जोडी रेघ ओलांडते तिथे संपतं! पुढचं कोणी काढतच नाही. मी भाच्याला सांगितलं, बाबा रे, रेघेनंतर दोन मिनिटं मोबाइल चालू ठेव, तर म्हणतो, "आत्या, ते कोन पाह्यते?"

वेळांचंही तसंच. काही पटांत सेकंद मोजतात आणि मग अमुक जोडीने अमुक गावात इतक्या सेकंदांत दान मारलं, असे आकडे फिरतात. मोजमाप हे माझं पोटापाण्याचं काम, म्हणून इथे मी जरा खट्याळपणा करते. हाताच्या घड्याळात बटण दाबणाऱ्याच्या बोटाची चूक दोन दशांश सेकंद सहज असते. जोडी सेकंदाला दहा मीटर पळते असं धरलं, तर झाले दोन मीटर, म्हणजे जवळजवळ एक बैल. सुटताना आणि पोहोचताना प्रकाशाचा सेन्सर असेल तर गोष्ट वेगळी. पण सेन्सर असला तरी एका गावचं दान पावलांनी मोजलेलं, दुसऱ्या गावचं टेपने. एकीकडे काळी माती, दुसरीकडे रेताड. सकाळी दवाने दबलेली जमीन, दुपारी खुरांनी उकरलेली. दोन गावचे सेकंद शेजारी मांडून जोडी ठरवणारा माणूस भेटला की मी त्याला आमच्या विभागात नोकरी देऊ नये म्हणते.

मागच्या हंगामातलं एक सांगते. तीन जोड्यांवर सगळी चर्चा होती. एक खिल्लारी, लांबून विकत आणलेली, किंमत ऐकून आईने तोंडावर पदर घेतला. दुसरी गवळाऊ, वर्ध्याकडून आलेली, पांढरट, लांब पायांची. तिसरी आमच्याच भागातली, कठाणी वळणाची, बुटकी, एक कोसा आणि एक बांडा. खिल्लारी जोडीने पहिली फेरी अशी मारली की समोरची जोडी फोटोत आलीच नाही. मी आमच्या टोकाला होते. डावा बैल थांबला. उजवा थांबता थांबेना, आणि नंतर पाण्याला तोंड लावेना. मी भावाला म्हटलं, उपांत्य फेरीत ही जाते. उपांत्य फेरीत तिच्यासमोर गवळाऊ आली, अर्ध्या दानापर्यंत पुढेही होती, आणि शेजारच्या गर्दीतून एक पोट्टं बांधावर चढलं म्हणून बिचकून दानाबाहेर गेली. खिल्लारी धापा टाकत एकटीच पोहोचली. इंग्लंडात ग्रँड नॅशनल म्हणून अडथळ्यांवरून उड्या मारत धावायची घोड्यांची मोठी शर्यत आहे. 1967 मध्ये तिच्या तेविसाव्या अडथळ्याशी सगळे घोडे एकमेकांत अडकले आणि मागून रेंगाळत येणारा फॉइनॅव्हॉन, ज्याच्यावर एकाला शंभर असा भाव होता, तेवढाच सरळ निघून जिंकला. रातपाळीत एकदा हे पाहिलं होतं. त्या पोट्ट्याने मला तेच आठवून दिलं. अंतिम फेरीत कोसा-बांड्याने खिल्लारीला काढलं; पण तेव्हा ऊन उतरलं होतं आणि कोसा-बांड्याची उपांत्य फेरी आधी झाल्याने त्यांना विसावाही जास्त मिळाला होता. हे मी भावाला सांगितलं, तर तो म्हणाला, जिंकल्यावर तरी खोड काढू नको.

तर यंदाचं. महाशिवरात्रीच्या आसपासच्या पटासाठी मी परवाच माहेरी जाऊन आले. मूलचा रस्ता जंगलातून जातो, म्हणून अंधार पडायच्या आत निघायचं हा आमचा नियम, त्यामुळे दोनच गोठे बघता आले. कोसा अजून ठीक आहे, बांड्याच्या मागच्या डाव्या खुराला भेग आहे. शेतकरी तेल लावतोय, पण माती रेताड असेल तर तो पाय राखून पळणार. दोन फेऱ्यांपर्यंत धरा, पुढे धरू नका. गवळाऊ जोडी या वेळी गावातून हिंडवतात, बँडच्या आवाजात उभी करतात, असं ऐकलंय. तिचं बिचकणं गेलं असेल तर अंतिम फेरी तिची आहे, फक्त उपांत्य फेरी भर दुपारी येऊ नये. खिल्लारी विकली गेली. भावाच्या गोऱ्ह्यांबद्दल विभागात फार विचारतात, कारण त्यांचे फोटो मीच दाखवले. दोघे दिसायला देखणे, आणि सरावात दोघेही माझ्या भावाच्या एका हाकेवर जागच्या जागी थांबले. पण धाकटा अजून दोनदातीच आहे. त्याला या वर्षी पटात उतरवू नको म्हणून मी भावाशी भांडून आले आहे, आणि त्याने अजून फोन केलेला नाही.