रीळपुराण

मंडळी, मासेमारीच्या रिळाच्या खोक्यावर "हेवी ड्यूटी" छापायला कुणाची परवानगी लागत नाही. आठशे रुपयांच्या प्लॅस्टिकच्या रिळावरही ते असतं आणि लाखभर रुपयांच्या शिमानो स्टेलावर ते छापायची गरजच नसते. मधल्या सगळ्या रिळांवर मात्र आकडे असतात. मॅक्स ड्रॅग इतके किलो, बेअरिंग इतकी, साइज इतकी. एकेकाळी कॉम्प्युटर घेताना लोक नुसते मेगाहर्ट्झ बघायचे ना, तसला प्रकार. आकडा मोठा म्हणजे माल चांगला.

गेले दोन महिने माझे शनिवार-रविवार या आकड्यांत गेले. मला स्वतःला समुद्रात मासे धरायचा काडीचा अनुभव नाही. रीळ घ्यायचं होतं मामासाठी.

मामा देवगडच्या बाजूला राहतो आणि गेली चाळीस वर्षं हातगरीने मासे गरवतो. हातगरी म्हणजे गळ, शिसं आणि जाड तंगूस, बस्स. ज्यांचं कोकणात कुणी नाही त्यांच्यासाठी, तंगूस म्हणजे नायलॉनची दोरी. रॉड नाही, रीळ नाही. होडीतून किंवा खडपावर उभं राहून हातानेच सोडायचं आणि हातानेच ओढायचं. त्याच्या तर्जनीवर तंगूस घासून घासून पडलेली एक खाच आहे. लहानपणी आम्ही भाचरंडं त्या खाचेत सुतळी बसवून बघायचो. आता त्याच उजव्या हाताची बोटं आखडतात. डॉक्टरांनी दोरी ओढणं बंद म्हणून सांगितलं. तेव्हापासून मामा संध्याकाळी पडवीत बसून असतो आणि भरती-ओहोटीच्या वेळा मात्र न चुकता सांगतो. ते बघवत नाही, खरं सांगतो.

तर बजेट पंचवीस हजार, आणि संधी एकच. गावात रीळ दुरुस्त करणारा कुणी नाही. पहिल्याच पावसाळ्यानंतर ते अडकलं असतं तर मामाने ते माळ्यावर टाकलं असतं आणि "बघ, मी सांगत होतो" म्हणून गरवणंही कायमचं सोडलं असतं.

त्याचा पहिला प्रश्न अगदी वाजवी होता. "ह्यां कित्याक व्हया? माझो हात आसा मां!"

मी विचारलं, मामा, तुझा हात नक्की काय करतो? मोठा मासा लागला की तू काय करतोस? तो म्हणाला, "मासो धावता तेवा सोडूचो, दमलो काय ओढूचो. बाकी काय नाय."

आता गंमत बघा. हे एक वाक्य म्हणजेच सगळी रिक्वायरमेंट! मोठा मासा दोरीच्या ताकदीवर धरला जात नाही. तो धावतो तेव्हा त्याला दोरी द्यायची, पण फुकट द्यायची नाही, प्रत्येक मीटरची किंमत वसूल करायची. मामाची बोटं दोरीवर जितका दाब देतात ती ती किंमत. रिळात हेच काम ड्रॅग करतो. स्पूलमध्ये वॉशरच्या चकत्या एकावर एक बसवलेल्या असतात आणि वरची फिरकी आवळली की त्या एकमेकींवर दाबल्या जातात. मासा ठरलेल्या जोरापेक्षा जास्त ओढायला लागला की स्पूल घसरत फिरतो आणि दोरी सुटते. म्हणजे पंचवीस हजारांत आपण मामाच्या बोटांची बदली विकत घेतोय. एवढं कळलं की खोक्यावरचे आकडे वेगळेच दिसायला लागतात.

पहिला आकडा मॅक्स ड्रॅग. समजा 20 किलो लिहिलंय. आता रॉड ही एक तरफ आहे, आणि ती माणसाच्या नाही, माशाच्या बाजूने काम करते. रॉडचं बूड कमरेच्या पट्ट्यात टेकवलंय, पुढचा हात बुडापासून अर्ध्या मीटरवर आहे आणि वाकलेल्या रॉडचं टोक दीड मीटर पुढे आहे असं धरा. टोकाला 10 किलोचा ताण आला तर पुढच्या हाताला 30 किलो पेलावे लागतात. 20 किलोचा ताण म्हणजे हातावर 60. तेसुद्धा ओल्या, शेवाळलेल्या खडपावर उभं राहून! असला ड्रॅग आवळून उभा राहिलेला माणूस मासा धरत नाही, मासाच त्याला धरतो. मामासारख्या साठी ओलांडलेल्या माणसाला 5-6 किलो म्हणजे भरपूर झालं.

मग मोठ्या आकड्याचा उपयोग काय? तोच, जो सर्व्हर 40 टक्के लोडवर चालवण्याचा असतो. 5 किलोचा ताण ठेवलाय आणि मासा सेकंदाला 5 मीटर वेगाने पळाला, तर घर्षणात सुमारे 250 वॅट उष्णता तयार होते. 25 वॅटचे दहा सोल्डरिंग आयर्न त्या छोट्याशा स्पूलमध्ये एकदम लावल्यासारखं! साध्या फेल्टच्या चकत्या अशा वेळी एकसारखा ताण ठेवू शकत नाहीत. कधी चिकटतात, कधी सुटतात. दोरी तुटते ती बहुतेक वेळा अशा चिकटण्याच्या झटक्याला. म्हणून समुद्रातल्या चांगल्या रिळांत कार्बन फायबरचे वॉशर असतात. पेन कंपनी त्यांना "एचटी-100" म्हणते. तेव्हा बघायचं ते हे, की आपल्याला लागणाऱ्या 5 किलोवर ड्रॅग लोण्यासारखा सुटतो का, आणि गरम झाल्यावरही तसाच सुटतो का. 20 किलोचा आकडा फक्त एवढंच सांगतो की 5 किलोला त्या चकत्यांना घाम फुटणार नाही.

आणखी एक गोष्ट खोक्यावर लिहिलेली नसते. दोरी सुटत जाते तसा स्पूलवरच्या गुंडाळीचा व्यास कमी होतो. फिरकीला हात न लावतासुद्धा ताण वाढतो, कारण टॉर्क तोच आणि त्रिज्या लहान. भरलेला स्पूल 60 मिलिमीटरचा असेल आणि दोरी जाऊन जाऊन 40 वर आला, तर 5 किलोचे साडेसात किलो झाले. मासा सगळ्यात लांब आणि आपण सगळ्यात घाबरलेले, नेमका तेव्हा! म्हणूनच रुंद आणि मोठा स्पूल घ्यायचा. जास्त दोरी मावते हे कारण आहेच, पण त्यापेक्षा ताण कमी बदलतो हे महत्त्वाचं.

दोरी आता नायलॉनची राहिलेली नाही. वेणीसारखी विणलेली पॉलिएथिलीनची दोरी वापरतात. तिचे जपानी नंबर असतात, पीई 1, पीई 2, पीई 4 वगैरे. पीई 4 ची जाडी साधारण 0.33 मिलिमीटर आणि ताकद 20 किलोच्या आसपास. तेवढ्या ताकदीचं तंगूस जवळपास दुप्पट जाड लागतं. ड्रॅग दोरीच्या ताकदीच्या पाव ते एकतृतीयांश ठेवायचा असा सर्वमान्य नियम आहे. म्हणजे पीई 4 ला 5 ते साडेसहा किलो. आणि मामाच्या पाठीला झेपणारा ताणही तेवढाच! दोन्ही बाजूंनी उत्तर एकच आलं की इंजिनिअर माणसाला फार बरं वाटतं :)

यावरून रिळाचं माप ठरलं. पीई 4 ची 300 मीटर दोरी मावेल असं. इथे सावध राहायचं, कारण साइजच्या नंबरांना कसलंही स्टँडर्ड नाही. पेनचं 6500 आणि शिमानोचं 8000 साधारण एकाच अंगाचे. बुटांचे नंबर बरे म्हणायची वेळ. याहून मोठी, 14000 ते 18000 ची धुडं अंदमानला जायंट ट्रेव्हॅलीमागे जाणाऱ्यांसाठी. हा आपल्या कोकर घराण्यातलाच मासा. 2006 साली जपानच्या कागोशिमा भागात यातला एक 72.8 किलोचा नोंदला गेला. मामाच्या खडपावर असला पाहुणा येण्याची शक्यता फारशी नाही.

आता खरा शत्रू, मीठ. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम मीठ असतं. रिळात अॅल्युमिनियम, पितळ आणि स्टील शेजारी शेजारी नांदतात. मधे खारं पाणी आलं की त्यांची छोटीशी बॅटरी तयार होते आणि अॅल्युमिनियम आधी खाल्लं जातं. म्हणून माझ्या लेखी हेवी ड्यूटीचा पहिला अर्थ ताकद नाहीच. आत पाणी न जाणं हा आहे. बेअरिंगांच्या आकड्याला तर मी भुलायचंच नाही असं ठरवलं होतं. पाच चांगली, झाकलेली बेअरिंग पुरतात. पंधरा असली म्हणजे गंज चढायला पंधरा जागा.

काही रिळांवर मोबाइलसारखं आयपी रेटिंग असतं. आयपीएक्स 5 म्हणजे मिनिटाला 12.5 लिटरचा फवारा सोसणार, आयपीएक्स 6 म्हणजे मिनिटाला 100 लिटरचा जोरदार झोत. दोन्हींत पाण्यात बुडवून ठेवायची चाचणी नसते. शिवाय चाचणी नव्या कोऱ्या मालाची आणि गोड्या पाण्यात होते. म्हणजे लाट अंगावर आली तर चिंता नाही, पण रीळ डबक्यात पडलं तर रेटिंग दाखवून भांडता येणार नाही.

राहिला प्रश्न स्पिनिंग रीळच का. बोटीवरच्या मल्टिप्लायर रिळात आडवा स्पूल स्वतः फिरून दोरी सोडतो. फेकताना अंगठ्याने तो आवरावा लागतो, नाहीतर गुंत्याचं घरटं होतं. आखडलेल्या बोटांना हे जमणार नाही. स्पिनिंग रिळात स्पूल स्थिर असतो आणि दोरी त्याच्या तोंडावरून वेटोळ्यांनी निघून जाते. ही कल्पना आल्फ्रेड इलिंगवर्थ या इंग्रज गृहस्थाने 1905 साली पेटंट केली, आणि त्यांचा धंदा होता कापडगिरणीचा! बॉबिनवरून सूत सुटताना रोज बघणाऱ्यालाच हे सुचणार. आपल्या गिरणगावातही तसलीच बॉबिनं फिरत होती, असो.

स्पिनिंग रिळाचं हँडल डावीकडे किंवा उजवीकडे, कुठेही लावता येतं. रॉड मामाच्या धडधाकट डाव्या हातात, हँडल उजवीकडे आणि हँडलला मोठी गोल मूठ. ती बोटांनी चिमटीत धरावी लागत नाही, तळव्याने ढकलता येते. हा मुद्दा एकाही खोक्यावर नव्हता, आणि मामाच्या बाबतीत बाकी सगळ्यांपेक्षा मोठा होता.

शेवटच्या फेरीत तिघे उरले. दाइवा बीजी, पेन स्पिनफिशर आणि पेन स्लॅमर. बीजी पैशाच्या मानाने दणकट, पण सीलबंद नाही. ज्याला स्वतः खोलून ग्रीस लावायची हौस आहे त्याने डोळे मिटून घ्यावं. स्लॅमर तिघांत सगळ्यात राकट, पण अंगाने जड आणि बजेटच्या बाहेर. मी स्पिनफिशर घेतलं, 6500. धातूचं अंग, सीलबंद ड्रॅग, वजन पाऊण किलोच्या आसपास. उरलेल्या पैशांत आठ फुटी रॉड, दोरी आणि कमरेचा पट्टा बसला. रिळावर सगळं बजेट उडवून दोरी स्वस्तातली घेणं म्हणजे भारी सर्व्हरला डायल-अप जोडण्यासारखं आहे. साखळी तिच्या सगळ्यात कच्च्या कडीइतकीच पक्की, आणि तुटलेल्या दोरीबरोबर गळ माशाच्या तोंडात राहतो. त्या बिचाऱ्याने आपलं बजेट वाचलेलं नसतं.

दिवाळीला गावी गेलो तेव्हा ड्रॅग लावायला ऑनसाइटच्या काळातला बॅगा मोजायचा डिजिटल काटा सोबत नेला होता. मामाने मला तो बाहेरच काढू दिला नाही. दोरीचं टोक मला धरायला लावलं, स्वतः रॉड धरला, फिरकी थोडी आवळली, थोडी सोडली, डोळे मिटून दोरीचं सुटणं ऐकलं आणि म्हणाला, "झाला." नंतर मी गुपचूप मोजलं. 5.4 किलो. चाळीस वर्षांचा अनुभव बोटं आखडल्याने जात नाही, एवढं मात्र मला त्या काट्याने सांगितलं.

आतापर्यंतचा सगळ्यात मोठा मासा दोन किलोचा कोकर. ड्रॅग वाजलासुद्धा नाही. "एवढ्या पैशात बाजारातून किती इले असते?" हे मामाने आईला फोनवर ऐकवून झालंय. पण तो रोज जातो. आल्यावर विहिरीच्या पाण्याचा तांब्या हळूच रिळावर ओततो. जोराचा पाइप मारायचा नाही, त्याने मीठ आत ढकललं जातं, हे त्याला एकदाच सांगितलं होतं. वॉशर दबून राहू नयेत म्हणून रात्री फिरकी सैल करायची, हेही एकदाच.

काल डेडलाइनच्या गडबडीत त्याचा फोन आला. "झिला, आज धुतलंय, फिरकी सैल केलंय. उद्या भरती सात वाजता." आणि फोन ठेवून दिला.