कोर्टाची पायरी

बी. ए. च्या दुसऱ्या वर्षाला आल्यापासून घरी येणारा प्रत्येक पाहुणा एकच प्रश्न विचारतो, "पुढं काय?" मी तोंड उघडण्याआधीच बाबा सांगून टाकतात, "बी. एड. करून मास्तरीण होईल." आमच्या घराण्यात कॉलेजचा उंबरठा ओलांडणारी मी पहिलीच. त्यामुळे त्यांच्या स्वप्नाला नाही म्हणायला जीभ रेटत नाही. परंतु मला वकील व्हायचे आहे, आणि तेही कौटुंबिक खटले चालवणारी.

याला कारण माझी मावशी. मी नववीत असताना तिच्या सासरच्यांनी गावातली चार जाणती माणसे बसवून काडीमोड घ्यायचे ठरवले. मुद्रांकावर मजकूर आधीच लिहून आणला होता. मावशीला अक्षरओळख नाही. कुणीतरी म्हणाले, "पोरगी शिकतीय, तिला वाचू द्या." मी वाचले. 'स्वखुशीने', 'पोटगीचा हक्क सोडला', 'कसलीही तक्रार नाही'. शब्द वाचता आले, त्यांचा परिणाम कळला नाही. मी "बरोबर आहे" म्हणाले. मावशीने माझ्याकडे पाहिले आणि अंगठा उमटवला.

गेल्या वर्षी ग्रंथालयात 1955 चा हिंदू विवाह कायदा हाती लागला. नुसत्या मुद्रांकाने लग्न मोडत नाही. न्यायालयाचा हुकूमनामा लागतो. रूढीने होणाऱ्या काडीमोडीला कायद्यात जागा आहे, पण ती रूढी सिद्ध करावी लागते. घटस्फोटित स्त्रीनेही पुन्हा लग्न केले नसेल, तर तिला पोटगी मागता येते. तेव्हा ही तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 125 मध्ये होती. 1 जुलै 2024 पासून ती नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 मध्ये आली. शिवाय 1987 च्या कायद्याने स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळू शकतो. त्या दिवशी त्या ओसरीवर यातले एक अक्षरही कुणाला ठाऊक नव्हते. निदान कुणी सांगितले तरी नाही.

मी हे मावशीला सांगितले. ती म्हणाली, "शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, बाई." तिची भीती अगदीच खोटी नाही. 1887 साली मुंबईच्या उच्च न्यायालयानेच रखमाबाईंना नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर सहा महिने कैद भोगा, असे सुनावले होते. पण रखमाबाई शिकलेल्या होत्या. आपली बाजू त्यांनी वृत्तपत्रातून मांडली. मावशीची बाजू कोण मांडणार?

1984 च्या कायद्याने कौटुंबिक न्यायालये निघाली. तिथे वकील हा पक्षकाराचा हक्क नाही. न्यायालयाची परवानगी लागते, आणि आधी समेटाचा प्रयत्न होतो. हे वाचून मी प्रथम खट्टू झाले. मग तिथे आपले काम काय? पण विचार केला तेव्हा वाटले, मावशीला वकील हवा होता तो कोर्टात नव्हे, त्या ओसरीवर, अंगठ्याच्या आधी.

बी. ए. नंतर कायद्याची आणखी तीन वर्षे. धाकटा भाऊ बारावीत आहे आणि बाबांची मजुरी तेवढीच. हे गणित मला अजून सुटलेले नाही. परवा मावशीला म्हटले, "तुझा कागद मी वाचला, चूक माझी." ती म्हणाली, "तू लहान होतीस. आता शिकतीस तर नीट शीक. आधी समजावून सांग, मग अंगठा घे."

दिवाळीच्या सुट्टीत बाबांशी बोलणार आहे. मावशी म्हणते, मी शेजारी बसेन.