यादीच्या खाली लिहिलेलं नाव



बी.कॉम.ला आम्हाला संख्याशास्त्राचा पेपर होता. मीन, मीडियन, मोड पाठ केलं, परीक्षा दिली आणि विसरून गेलो. त्याच विषयात आयुष्य घालवलेल्या अमेरिकेतल्या एका बाईंची आज ओळख करून देते. त्यांचं नाव गर्ट्रूड कॉक्स.

त्यांचा जन्म १९०० सालचा, आयोवा राज्यातल्या डेटन गावाजवळचा. शाळा संपली तेव्हा प्राध्यापक व्हायचा विचारही त्यांच्या मनात नव्हता. मेथडिस्ट चर्चची सेविका व्हायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. मोंटाना राज्यात त्यांनी अनाथ मुलांना सांभाळलं. अनाथाश्रम चालवायचा तर शिक्षण हवं, म्हणून त्या आयोवा स्टेट कॉलेजात आल्या आणि तिथे गणितात रमल्या. १९२९ साली पदवी झाली. १९३१ साली संख्याशास्त्रात एम.एस. झाल्या. त्या कॉलेजने या विषयात दिलेली ती पहिलीच एम.एस. पुढे कॅलिफोर्नियात पीएच.डी. सुरू केली, पण १९३३ साली ती अर्धी सोडून परत आल्या, कारण त्यांचे गुरू जॉर्ज स्नेडेकर यांनी नव्या संख्याशास्त्र प्रयोगशाळेच्या कामाला बोलावलं होतं.

त्यांचं काम होतं प्रयोगाची आखणी. आपल्या भाषेत सांगते. तीन प्रमाणांत पीठ मळून पापड केले आणि कोणते चांगले होतात ते बघायचंय. गच्चीच्या एका बाजूला सावली येते. एकाच प्रमाणाचे सगळे पापड तिकडे घातले, तर दोष पिठाचा की सावलीचा, कसं कळणार? म्हणून उन्हात आणि सावलीत, दोन्हीकडे तिन्ही प्रकारचे पापड घालायचे आणि कुठला कुठे हे चिठ्ठी टाकून ठरवायचं. शेतातली बियाणं आणि खतं पारखायची पद्धत हीच. या विषयावर विल्यम कॉक्रन यांच्याबरोबर त्यांनी लिहिलेलं पुस्तक १९५० साली निघालं आणि पुढे कितीतरी वर्षं ते विद्यापीठांत वापरलं गेलं.

आता मुख्य गोष्ट. १९४० साली नॉर्थ कॅरोलायना स्टेट कॉलेजला नव्या विभागासाठी प्रमुख हवा होता. त्यांनी स्नेडेकरांकडे नावं मागितली. स्नेडेकरांनी यादी केली, सगळी पुरुषांची, आणि ती कॉक्सबाईंना दाखवली. बाईंनी सरळ विचारलं, यात माझं नाव का नाही? तेव्हा त्यांनी पत्राच्या खाली एक ओळ वाढवली: बाईचा विचार करणार असाल तर माझी शिफारस गर्ट्रूड कॉक्सची.

निवड त्यांचीच झाली. त्या कॉलेजातल्या त्या पहिल्या महिला विभागप्रमुख आणि पूर्ण पदाच्या पहिल्या महिला प्राध्यापक. १९५६ साली त्या अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनच्या अध्यक्षाही झाल्या.

मला विचार पडला तो स्नेडेकरांचा. ते काही वाईट मनाचे नव्हते. त्यांनीच बाईंना शिकवलं, कामावर घेतलं. तरी यादी करताना रोज समोर बसणारी बाई त्यांना आठवली नाही. आपल्याकडेही कार्यक्रमाचा पैन् पैचा हिशेब एखादी वहिनी किंवा काकू वर्षानुवर्षं ठेवते, पण खजिनदाराचं नाव सुचवायची वेळ आली की तिचं नाव कोणाच्या तोंडी येत नाही. आणि ती स्वतः गप्प बसते. मान हा कषाय आहे, आपण आपलं नाव कसं पुढे करायचं, असं तिला वाटतं.

कॉक्सबाईंनी हार-तुरे मागितले नव्हते. जे काम येतं ते करायची जागा मागितली होती. या दोन्हींत मला तरी मोठा फरक वाटतो. म्हणून पुढच्या बैठकीत नावं निघतील तेव्हा जिला हिशेब येतो तिने हात वर करावा. तिला संकोच वाटत असेल, तर शेजारी बसलेलीने तिचं नाव घ्यावं, आणि तेही यादी लिहून होण्याआधी.