लाईट येईपर्यंत

आमच्याकडं शेतीच्या लाईटीची पाळी आठवड्याला बदलते. एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रातपाळीत थ्री फेज कधी बाराला येते, कधी एकला. घरात दिवा असतो, पण मोटार चालत नाही. वस्तीच्या खिडकीतून विहिरीवरचा बल्ब दिसतो. तो पेटला की उठायचं. डोळा लागला तर हरभरा तहानलेला राहतो. म्हणून मी ओसरीवर बिड्या ओढत जागायचो.

२०२० च्या टाळेबंदीत पोराची पुण्याची नोकरी गेली. तो कपड्यांच्या पिशव्या आणि एक जुना कॉम्प्युटर घेऊन घरी आला. आमचं बोलणं त्याआधीच तुटलं होतं. त्याच्या नावावरच्या दोन एकरावर मी हट्टानं कर्ज काढायला लावलं आणि बोअर घेतलं. तो नको म्हणत होता. साडेतीनशे फुटांवर नुसता फुफाटा निघाला. हप्ते त्याच्या पगारातून जात. पगार गेला, कर्ज तसंच राहिलं. घरात त्यावर शब्द नाही. ‘जेवायला ये’ एवढा निरोपसुद्धा त्याच्या आईमार्फत.

रात्री तोही जागाच असायचा. एकदा मान न वळवता म्हणाला, “बघायचंय का?” मी बिडी विझवून आत गेलो.

खेळाचं नाव फ्रोझन बबल. वर रंगीत गोळे लटकलेले, खाली एक पेंग्विन तोफ फिरवतोय. एका रंगाचे तीन जुळले की गळून पडतात, त्यांच्या आधारानं लटकलेलेही पडतात. एकट्यानं खेळताना छत हळूहळू खाली येतं. गोळे खालच्या रेघेला टेकले की सगळे गोठतात, डाव गेला.

“कितीला घेतला?” मी विचारलं.

“फुकट. एका फ्रेंच माणसानं सोबत्यांना घेऊन २००२ साली केला. आतलं सगळं लिखाण उघडं ठेवलंय. कुणीही घ्यावा, बदलावा, वाटावा. फक्त पुढच्यालाही तीच मोकळीक द्यायची.”

मला आमच्या आईचं गाडगं आठवलं. ज्वारीचं बी राखेत ठेवायची, शेजारणीला शेरभर द्यायची. त्याच २००२ साली आपल्या देशात बीटी कपाशीला परवानगी मिळाली. तेव्हापासून कपाशीचं बी मी दरसाल दुकानातूनच आणतोय.

पुढं आम्ही दोघं एकाच कीबोर्डवर खेळायला लागलो. तो डावीकडं अक्षरांवर, मी उजवीकडं बाणांवर. दोघांच्या खेळात एक गंमत हाय. आपण जास्त गोळे पाडले की ते समोरच्याच्या डोक्यावर जाऊन बसतात. एका रात्री माझा नेम चांगला लागत होता. तो सहज म्हणाला, “आबा, तुम्ही मोकळे होताय अन् ओझं माझ्यावर येतंय.”

तो खेळाबद्दलच बोलत होता. पण माझं बोट थांबलं. माझे गोळे वाढत वाढत रेघेला टेकले आणि गोठले.

“बोअर माझ्या हट्टानं झालं,” मी म्हणालो. “चूक माझी हाय.”

तो पडद्याकडंच बघत राहिला. मग म्हणाला, “लाईट आली.”

खरंच बल्ब पेटला होता. मी मोटार टाकली, त्यानं दारं धरली. बांधावर बॅटरीच्या उजेडात पाणी सरकताना बघत तो म्हणाला, “व्याज किती झालंय ते उद्या दोघं बसून बघू.”

त्या साली बैलजोडी विकून निम्मं कर्ज फेडलं. उरलेलं फिटायला आणखी तीन वर्षं लागली.

रातपाळी अजून आहे, खेळही आहे. बहुतेक वेळा तोच जिंकतो. त्याच्यावर गोळे पाठवायची वेळ आली की माझा हात जरा आखडतो. त्याला ते कळतं.

“आबा,” तो म्हणतो, “हा खेळ हाय. मारा की.”