शेवटची दोन मिनिटे

कान्ह्याहून पुण्याला जाणारी लोकल खडकीला थांबते, आणि धनराज पिल्ले खडकीचा. एवढ्या बळावर आंदर मावळातल्या आम्हा तिघा हॉकीवेड्यांनी त्याला आपला मानले होते. सप्टेंबर २००० मध्ये सिडनी ऑलिंपिकमध्ये पोलंडविरुद्ध भारत १-० असा पुढे होता. जिंकलो असतो तर उपांत्य फेरी. अखेरच्या दोन मिनिटांत पोलंडने बरोबरी साधली. भारत शेवटी सातवा आला.

पुढे कितीतरी संध्याकाळी टाकव्याच्या चहाच्या टपरीवर आम्ही तो सामना पुन्हा खेळलो. काड्यापेटीतल्या काड्या मांडून आघाडीची फळी, मधली फळी, बचावफळी बदलून पाहिली. धनराजने मागे यायला हवे होते, असे एकाचे म्हणणे. त्याला पुढेच ठेवायला हवे होते, असे दुसऱ्याचे. मांडणी कोणतीही असो, दोषी मात्र एकच हवा असे, आणि तो बहुधा आमचा लाडकाच ठरे.

आज आम्ही मराठी शिकवतो. एखादी कादंबरी का फसली हे वर्गात सांगताना तीच खोड डोके वर काढते: एक पात्र धरायचे आणि निकाल द्यायचा. दोन काड्यांमधली मोकळी जागा तेव्हाही आम्ही पाहिली नव्हती. असो.